दत्तू लोहाराचा दिवा

फणसवाडीच्या तोंडाशी, विहिरीच्या पलीकडे, दत्तू लोहाराचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक कौलारू पडवी, तीन बाजूंना भिंत आणि चौथ्या बाजूला फळ्यांचं दार. भिंतीत एक झरोका होता, तोही गोणपाट लावून बंद केलेला. रस्त्यावरून आत येणाऱ्याला आधी काहीच दिसायचं नाही. मग भट्टीतले निखारे दिसायचे, त्यांच्या उजेडात ऐरण, ऐरणीमागे उभा दत्तू, आणि सगळ्यात शेवटी, कोपऱ्यात भात्याची दोरी धरून बसलेली मंजुळा. पुष्कळांना दुकानातून निघेपर्यंत ती दिसायचीच नाही.

अंधार मुद्दाम राखलेला होता. लोखंड किती तापलं ते त्याच्या रंगावरून ओळखायचं असतं, आणि उजेडात रंग फसवतो. दत्तूच्या वडिलांनी त्याला रेवदंड्याला रंग शिकवले ते घरातल्या-परसातल्या नावांनी. आधी जांभूळ, मग गुंज, मग शेंदूर, मग हळद, आणि सगळ्यात शेवटी चुना. गुंजेवर लोखंड वाकतं, शेंदरावर पसरतं. दोन टोकं ठोकून एकजीव करायची असली तर हळद सरून चुना लागायच्या जरा अलीकडे बाहेर काढायचं. दोन श्वासांचा वेळ असतो तेवढा. तो हुकला की ठिणग्या फुटतात, लोखंड जळतं, आणि गार झाल्यावर हातात घेतलं तर भाजक्या विटेसारखं चुरतं.

हे सगळं दत्तूला शिकवलेलं. मंजुळेला कुणी शिकवलं नव्हतं. पण लग्न होऊन ती मुंबईला आली त्या वर्षापासून तिने भाता ओढला, दोन मुली पोटात असताना ओढला, त्या मुली लग्न होऊन कोकणात गेल्या तेव्हा दुसऱ्या दिवशी सकाळीही ओढला. बावीस वर्षं तेच निखारे समोर. न शिकवताही डोळ्यांना कळायला लागतं.

भाता कधी थांबवायचा ते दत्तू सांगे. लोखंड हवं तसं तापलं की तो म्हणे, "बस." खणखणीत आवाज होता त्याचा. विहिरीवरच्या बायकांना ऐकू जाई. त्याच्यामागून घणाचे घाव सुरू होत. वाडीतल्या पोरांचा तो खेळच झाला होता. दत्तू "बस" म्हणाला की बाहेरची पोरं धपकन खाली बसायची.

दोन वर्षांपूर्वी एकदा असं झालं की दाराची एक बिजागरी त्याने लागोपाठ तीनदा जाळली. पहिल्यांदा कोळशाला शिव्या दिल्या, दुसऱ्यांदा लोखंड देणाऱ्या बोहऱ्याला. तिसऱ्यांदा मंजुळेला राहवलं नाही. ती हळूच म्हणाली, आता काढा. दत्तू मागे वळला आणि इतकंच म्हणाला, "तू मला ताव शिकवणार?" त्या दिवशी तो जेवला नाही.

त्यानंतर मंजुळेने तोंड उघडलं नाही. तिने फक्त भाता थांबवायला सुरुवात केली. लोखंडाला हवा तो रंग चढला की ती दोरी सोडून द्यायची. भात्याचा सुस्कारा बंद पडला की दत्तू म्हणायचा, "बस." आणि सांडशी आत घालायचा. आधी त्याचं बस आणि मग भाता, असं वीस वर्षं चाललं होतं. आता आधी भाता आणि मग त्याचं बस. मधलं अंतर एका श्वासाचं. बाहेरच्या कुणाच्या लक्षात येण्यासारखं नव्हतं. दत्तूच्या लक्षात आलं होतं की नाही, हे तिला कधी कळलं नाही. विचारायची सोय नव्हती.

त्याच्या डोळ्यांवर पडदा येत होता. जवळून पाहिलं तर बुबुळावर ताकाच्या निवळीसारखं काही तरी दिसे. पण जवळून पाहायला उजेड लागतो, आणि त्यांचा दिवस अंधारात जाई. घरी खोलीत एक पणतीवजा चिमणी. दत्तू वाडीतल्या वाटेवरून पायाच्या सवयीने चाले. ऐरण, घण, सांडशी, पाण्याची कुंडी, सगळं जागच्या जागी. हात बरोबर पोचायचे. तो म्हणे, हल्ली दुकानात अंधार फार झालाय, समोरच्यांनी माडी चढवली. मंजुळा म्हणे, होय.

एवढं एक गुपित घेऊन ती विहिरीवर जाई, बायकांत उभी राही. कुणाची सासू, कुणाचं बाळंतपण, सगळं ऐके. आपलं काही सांगायची वेळ आली की घागर उचले. एकदा ती बोलणार होती. सोनूबाई कोळीण विळीचं पातं लावून घ्यायला यायची. तोंडाने फटकळ, पण मनाने मोकळी. दारात टोपली टेकवून तिने नेहमीप्रमाणे दत्तूला डिवचलं, बायकोला भात्याला बांधून ठेवलीस काय रे दत्तोबा, तिला जरा चौपाटीचा वारा दाखव. दत्तू हसला. म्हणाला, वारा तर तीच करते दिवसभर. सोनूबाई जायला निघाली तेव्हा मंजुळा तिच्यामागे चार पावलं गेली. सोनूबाईने वळून विचारलं, काय गं? मंजुळेने बोंबील कसे दिले ते विचारलं आणि परत आली.

प्लेग यायच्या आधीची एक-दोन वर्षं असतील ती. गिरगावच्या रस्त्याला गॅसचे दिवे होते, संध्याकाळी शिडीवाला धावत धावत ते लावत जाई. पण घरांतून सगळीकडे घासलेटच जळत होतं, आणि टांगायचे दिवे, भिंतीवरचे दिवे, ते अडकवायच्या कमानी नि कड्या, साखळ्या यांना फार मागणी होती. विलायती बिडाचं सामान बाजारात भरपूर मिळे, पण पडलं की फुटे. दत्तूचं ठोकून केलेलं काम वाकेल पण फुटणार नाही, असा लौकिक. खोताच्या वाडीतल्या लाकडी घरांच्या ओट्यांवर त्याच्या हातच्या कमानी होत्या. टोकाला फणसाचं पान. रुंद, मधली शीर उठावाची, देठाशी निमुळतं. तीच त्याची सही.

रघुवीरराव प्रभू म्हणून हायकोर्टात कारकून होते. नवीन घराच्या सज्ज्यासाठी त्यांनी चार कमानी सांगितल्या होत्या. एके दिवशी ते दुकानात आले, उंबऱ्याला अडखळले, आणि हसून म्हणाले, "दत्तोबा, साऱ्या गिरगावाला उजेड देतोस आणि स्वतः बिळात बसतोस. एक दिवा इथे टांग की. अशाने डोळे जातील."

ते सहज बोलून गेले. पण दत्तूच्या मनात ते रुतलं. त्या रात्री जेवताना तो म्हणाला की रघुवीररावांचं खरं आहे, आपल्याला दिसत नाही ते अंधारामुळे. एक चांगला दिवा करतो. ऐरणीच्या वर टांगतो. मग बघ.

मंजुळेची भाकरी तव्यावर तशीच राहिली. इतके दिवस त्याच्याजवळ अंधार होता. जे दिसत नाही त्याचा दोष अंधाराला देता येत होता. दिवा लागला की तो दोष कुणाला देणार? ती म्हणाली, उजेडात लोखंडाचा रंग कळत नाही, मामंजी सांगायचे. दत्तू म्हणाला, "तापवताना खाली करू वात. ठोकताना वर करू. तेवढं कळतं मला."

मग कितीतरी दिवस दुपारचं गिऱ्हाइकाचं काम उरकलं की तो दिव्याचं काम काढी. दुसऱ्यांसाठी करत होता त्याहून जीव ओतून करत होता. घासलेटच्या डब्याचा पत्रा कापून, लाकडी उखळीत ठोकून ठोकून त्याने छत्री केली, आणि आतून ती राखेने घासून आरशासारखी केली. हे काम बोटांचं, ते त्याला अजून पहिल्यासारखं येत होतं. साखळीच्या कड्या केल्या. भेंडीबाजारातून बत्ती आणि काच आणली. ती आणायला मंजुळा बरोबर गेली. ट्रामचे घोडे अंगावर आले तेव्हा तिने त्याचा सदरा मागून ओढला आणि त्याने तिलाच हटकलं, बघून चाल.

राहिलं ते कडं. सगळा दिवा ज्याच्यात बसायचा ते जाड सळईचं गोल कडं, त्याला फणसाच्या पानांचे चार हात. कड्याची दोन टोकं तापवून जोडायची. हळद आणि चुना यांच्या मधला तो दोन श्वासांचा वेळ.

पहिल्या दिवशी कडं भट्टीत गेलं, मंजुळा भाता ओढू लागली. जांभूळ गेलं, गुंज गेली. शेंदूर. हळद. हात थांबायला हवा होता. तो थांबला नाही. थांबवलाच नाही तिने. निखाऱ्यांतून फर्रकन ठिणग्या उडाल्या आणि दत्तू घाईने म्हणाला, "बस, बस." टोक जळून गेलं होतं. दत्तूने ते चाचपलं, बाजूला टाकलं.

दुसऱ्या सळईचंही तिने तेच केलं. बावीस वर्षांत तिने चिमूटभर लोखंड वाया जाऊ दिलं नव्हतं. जळलेलं टोक पाण्याच्या कुंडीशी पडलं होतं. रात्री झाडताना तिने ते उचललं, तर बोटांत त्याची भुकटी झाली.

तिसऱ्या दिवशी दत्तू दुकानात लवकर गेला. ती पोचली तेव्हा तो ऐरणीशी उभा होता, मान वर करून. वर तुळईला त्याने दिवा टांगायचा हूक आधीच ठोकून ठेवला होता. ती आलेली त्याला पावलांवरून कळली. म्हणाला, "दिवा झाला ना, की तुलाही बरं पडेल. बावीस वर्षं अंधारात बसवली तुला."

असं तो कधी बोलला नव्हता. मंजुळेने दोरी हातात घेतली. कडं तापलं. हळद चढली, तिच्या कडेला पांढुरका ओलावा दिसायला लागला, आणि तिने दोरी सोडली.

"बस," दत्तू म्हणाला.

सहा घावांत सांधा बसला. असा बसला की कुठून जोडलं ते बोटाला लागेना. दत्तूने ते कडं कुंडीत विझवलं, कानाशी धरून नखाने वाजवलं. घंटेसारखं वाजलं. तो हसला, आणि मंजुळाही हसली, आणि तिला वाटलं की आता दिवा लागणार, आणि हे आपण आपल्याच हाताने केलं.

दिवा लावायचा तो भर दुपारी लावायचा, असं त्याचं म्हणणं. संध्याकाळपर्यंत धीर नव्हता. दार लोटून घेतलं. मंजुळेने वात कापली, काडी ओढली, काच बसवली. छत्रीच्या आतून उजेडाचं एक मोठं वर्तुळ खाली पडलं, आणि त्या दुकानात जे कधी दिसलं नव्हतं ते सगळं तिला दिसायला लागलं. ऐरणीवरचे खळगे. भिंतीवर इतक्या वर्षांचा धूर. दत्तूची दाढी पांढरी झाली होती. त्याच्या हातांवर नव्या भाजल्याच्या खुणा होत्या, पुष्कळ. यांतल्या एकीबद्दलही तो तिला बोलला नव्हता.

तो दिव्याखाली उभा राहिला. हात पुढे करून, तळवे वर. मग म्हणाला, वात वर कर.

तिने केली.

"अजून."

तिने अजून केली. ज्योत काचेच्या तोंडाबाहेर आली. काच आतून काळी पडू लागली, दुकानात घासलेटचा जळका वास पसरला. दत्तूने नाक वर केलं. तो वास त्याला ओळखू आला. वात जितकी चढायची तितकी चढली होती, हे त्याला नाकाने कळलं.

"खाली कर," तो म्हणाला. "काजळी धरतेय."

मग त्याने चाचपत एक सळई घेतली आणि भट्टीत घातली. तिला म्हणाला, भाता ओढ. मी बस म्हणेपर्यंत थांबायचं नाही, काही झालं तरी. मंजुळा ओढत राहिली. एकेक रंग तिच्यासमोरून गेला. तो निखाऱ्यांवर इतका वाकला होता की दाढीचे केस करपतील असं वाटलं. हळद गेली, चुना लागला. तो गप्पच होता. ठिणग्या तडतडल्या, तेव्हा कुठे आवाज ऐकून त्याने सळई बाहेर काढली. तिचं टोक नव्हतंच.

"किती दिवस?" त्याने विचारलं.

"दोन वर्षं झाली."

"वाडीत सगळ्यांना माहीत असेल."

"नाही," मंजुळा म्हणाली. "मला एकटीलाच."

दत्तूने सळई कुंडीत टाकली. जाताना दिवा फुंकायला सांगितलं.

त्यानंतर तीन दिवस दुकान बंद. तो खोलीत भिंतीकडे तोंड करून पडून होता. ती दवाखान्याचं बोलली. तिकडे डोळ्यावरचा पडदा काढतात म्हणून तिने ऐकलं होतं. त्याच्या मामाच्या डोळ्यावरचा पडदा गावी वैदूने असाच काढला होता, तो आतला उजेडही घेऊन गेला. तो नको म्हणाला, आणि पुढे बोललाच नाही. वाढलेलं खाई, पाणी पिई. त्याने तिला रागाने काही तरी बोलावं, असं तिला फार वाटलं. दोन वर्षं तिने एकटीने धरून ठेवलेलं आता दोघांचं झालं होतं. आणि तरी खोलीत तिला पहिल्यापेक्षा जास्त एकटं वाटत होतं.

चौथ्या दिवशी तिने दुकान उघडलं. रघुवीररावांच्या चारांपैकी दोन कमानी अजून व्हायच्या होत्या. तिने भट्टी पेटवली, गोणपाट नीट केलं, सळई आत घातली आणि भाता ओढायला बसली. शेंदूर आला तशी दोरी सोडून धावली. सांडशीने सळई काढून ऐरणीवर आणेपर्यंत ती जांभळी पडली होती. दुसऱ्यांदा तेच. एका माणसाला दोन ठिकाणी राहता येत नाही. ती पदराने घाम पुसत ऐरणीला टेकून उभी राहिली.

फळ्यांचं दार वाजलं. दत्तू आत आला. भिंतीला हात लावत लावत तो आला, पण ऐरणीकडे गेला नाही. कोपऱ्यात गेला. तिच्या बसायच्या पाटावर बसला. तो पाट त्याला बुटका पडला. गुडघे वर आले. त्याने दोरी शोधली, हातात तोलून पाहिली.

"किती ओढू?" तो म्हणाला.

"सगळी नका ओढू. निम्म्यावर सोडायची, मग पुन्हा."

त्याला ते पहिल्यांदा जमलं नाही. राख उडून त्याच्याच तोंडावर आली. मग जमलं. मंजुळेने सांडशी धरली, मागे घण तयार ठेवला. गुंज. शेंदूर. दार उघडंच होतं, विहिरीवर बायका होत्या. ती अगदी हळू, त्याला ऐकू जाईल इतक्याच आवाजात म्हणाली, "बस."

भाता थांबला. आणि कोपऱ्यातून दत्तू मोठ्याने, खणखणीत, साऱ्या वाडीला ऐकू जाईल असं म्हणाला, "बस!"

बाहेर पोरं धपकन खाली बसली.

त्यानंतर कामाच्या वेळी फळ्यांचं दार लोटलेलं असे. धूर बाहेर जातो, शेजारी तक्रार करतात, असं दत्तू सांगे. गिऱ्हाइकाची हाक आली की मंजुळा हात पदराखाली घेऊन बाजूला होई आणि तो ऐरणीशी जाऊन उभा राही.

कमानी न्यायला रघुवीरराव आले तेव्हा दिवा लावलेला होता. कानशीचं काम करताना तो लावत. रघुवीररावांनी वर पाहिलं, कड्याला हात लावून पाहिला, मग कमानी उजेडात धरून उलटसुलट केल्या. पहिल्या दोन आणि नंतरच्या दोन त्यांनी शेजारी शेजारी ठेवल्या आणि नंतरच्यांवर बोट ठेवलं. म्हणाले, "पाहिलंस? दिवा लावल्याबरोबर हात कसा फिरला तुझा. मी सांगत नव्हतो?"

मंजुळा दाराशी उभी होती. तिला वाटलं, आता दत्तू काही तरी म्हणेल.

"होय साहेब," तो म्हणाला. "दिव्याचाच गुण."

हमालाने तीन कमानी डोक्यावर घेतल्या. चौथी दत्तूने हातात घेतली होती, ती त्याने दिली नाही. म्हणाला, हिचं एक बारीक काम राहिलंय, उद्या पाठवतो. रघुवीरराव गेले.

तो पाटावर जाऊन बसला. कमानीच्या टोकाचं पान त्याने अंगठ्याखाली घेतलं, टोकापासून देठापर्यंत सावकाश फिरवलं, पुन्हा फिरवलं. त्याच्या बापाने त्याच्या हातचं पहिलं पान असंच पाहिलं असेल.

"देठाशी जाड राहिलंय," तो म्हणाला.

मंजुळेने पान हातात घेऊन पाहिलं. राहिलं होतं. तिने दार लोटून घेतलं, दिव्याची वात खाली केली, आणि पान निखाऱ्यांत घातलं.

"ओढा," ती म्हणाली.